गाळी

दिवसभर मी उद्यमबागेत
वितळल्या लोखंडापुढे उभा.
भुवया दोनदा जळून दोनदा उगवल्यात.
घरी येऊन जेवायला बसलो
की घोट्यांवरून काहीतरी गार सरपटत जातं.
मालन म्हणते, तुमची ऊब सगळी कंपनीला, आमाला काय?

घर म्हणजे कँपातल्या बंगल्याचा तुकडा.
मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली.
भिंतीत कुण्या गोऱ्या साहेबाची शेकोटी,
तिला पाठ लावून पलीकडे दुसरी,
आणि दोघींचं धुराडं एक.
जाळ घालायची मालकाची परवानगी नाही.
आम्ही तिच्यात तांदळाचा डबा ठेवतो,
पाहुणे आले तर चपला.
पौषात ती पुरेपूर परतफेड करते.

रविवारी उदबत्ती पेटवली
आणि देवाला न दाखवता थेट तिथं नेली.
धूर सरळ वर. सरळ.
मग डाव्या कोपऱ्यात एकदम वाकला,
कुणी हाक मारावी तसा.
खडूनं फुली केली.
अंधार पडेतो अकरा फुल्या.

बसलिंगप्पा गवंडी आला.
फटीवर तळवा धरून म्हणाला,
गाळी इल्लिंद बर्तैति.
आपल्यात गाळतात चहा, फार तर घाम.
त्यांच्यात गाळी म्हणजे वारा.
मला त्यांचाच शब्द पटला:
भिंत रात्र गाळत होती,
आणि खाली आम्ही चौघं
चोथ्यासारखे, एका वाकळेत.

खानापूरच्या कुंभाराकडची माती आणली,
तिच्यात काथ्या कुटून घातला, चुना, थोडं गुळाचं पाणी.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
धुराड्याच्या गळ्यात बसवला,
कडेनं जुन्या वाकळेच्या चिंध्या कोंबल्या.
मालननं बोटांनी माती दाबली,
करंजीची कड दाबतात तशी.

त्या रात्री उदबत्ती कुठंच वाकली नाही.
पोरांनी पांघरूण लाथाडलं.
मी मात्र जागा.
काहीतरी कमी होतं घरात
आणि मला ते आठवेना.

दुसऱ्या रात्री मालननंच सांगितलं:
टीचरबाईंचा खोकला.

सेराफिना टीचर. पलीकडे एकट्या.
अकरा वर्षं त्यांचा खोकला
शेकोटीतून यायचा आमच्याकडे,
पहाटे कोकणीतली प्रार्थना,
कधी कपाट उघडल्याचा आवाज, कधी नुसती
खुर्ची. आम्ही कुरकुरायचो.
समोरासमोर बोलणं नाताळच्या ताटापुरतं,
कुलकुलं, दोदोल, वर क्रोशाचा रुमाल.

आता तिकडे काय चाललंय, चाललंय का,
मातीच्या अलीकडे कळायला मार्ग नव्हता.

ओतकामात पहिली शिकवण असते:
साचा कितीही घट्ट ठोका,
सळईनं भोक पाडल्याशिवाय धातू ओतू नका.
आतल्या वाफेला वाट नसली
तर ओतीव फुगतं, कधी
फुटतं. माझ्या डाव्या मनगटावर
त्याची खूण आहे.

उठलो. पिशवीतून सळई काढली.
पत्र्याच्या कडेला, चिंध्यांमधून,
करंगळी जाईल एवढं.
मालन पडल्या पडल्या बघत होती.
म्हणाली, झालं? पैसे गेले मातीत.

गार हवेचा एक धागा
माझ्या कानाशी आला, थांबला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग कपाट. मग तो कोरडा, दोनदा तुटणारा

खोकला.

बाई जाग्या हाईत की, मालन म्हणाली,
आणि वाकळ माझ्या बाजूला
थोडी जास्त सरकवली.