दुसरा आवाज

गुंडू खोकतो, हे मला आधी दिसलं.
ऐकू आलं नाही.
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढलेल्या माणसाला
आवाज बघावाच लागतो:
मान पुढं, कोपरं बाहेर,
पोट भात्यासारखं आत,
आणि शेवटी जीभ काढून असा बघतो
की मीच काहीतरी अडकवलंय त्याच्या घशात.

मला वाटलं, हाड.
जबडा उघडून बोट घातलं. चावला नाही बिचारा.
मग वाटलं, उलटी. फरशीवर नुसता फेस, चमचाभर.
शेजारचा कोंडा म्हणाला, मध चाटवा.
त्याचा भाऊ म्हणाला, होटगी रोडला सोडून या.

कलशेट्टी डॉक्टरांच्या टेबलावर मात्र
एकदाही खोकला नाही.
शेपूट हलवली, थर्मामीटरलासुद्धा.
डॉक्टर विचारतात, कोरडा की ओला?
रात्री जास्त की पहाटे?
पाणी प्यायल्यावर? पट्टा ओढल्यावर? झोपेतून उठून?
ठसका येतो, ढास लागते, का उबळ?
एका खोकल्याला एवढी नावं,
आणि मी उभा, सूत तुटल्यावर माग उभा राहतो तसा.
"फोनवर भरून आणा," म्हणाले. "येईल तसा."

नातीनं लाल टिंब दाखवलं.
मे महिना. विडी घरकुलात रात्री अकरालाही
पत्र्याला हात लावता येत नाही.
फोन ठेवला सुपाशेजारी,
जिथं राजमणी विड्या वळते
आणि गुंडू तिच्या मांडीला पाठ लावून झोपतो,
तंबाखूचा भुगा त्याच्या पांढऱ्या केसांत.
उद्या हजार पुऱ्या करायच्या होत्या;
छाट निघाली की पैसे कापतात.
पान, चिमूट, वळ, दोरा.
मी झोपलो.

डॉक्टरांनी आवाज मोठा केला.
बाकावर पिशवीतलं मांजर दचकलं.
गुंडूनं मान तिरकी करून
आपलाच खोकला अनोळखी कुत्र्यासारखा ऐकला.
"हा बदकासारखा वाजतो ना, हा त्याचा.
श्वासनळीच्या कड्या मऊ पडल्यात, वयानं.
गळ्यातला पट्टा काढा, छातीचा घाला.
वजन उतरवा. धूर, धूळ, भुगा लांब ठेवा."
लिहिता लिहिता थांबले.
बोटानं मागं नेलं, परत लावलं.
"आणि हा?
हा कुत्र्याचा नाही. खोल आहे, ओला आहे.
दर वेळी आधी हा येतो, मग कुत्रं.
घरात कोण खोकतं, मामा?"

कोणी नाही, म्हणणार होतो.
फोन घेतला, डाव्या कानाला, त्यातल्या त्यात बऱ्या,
दाबून धरला.
आधी कात्री.
मग ती. तोंडावर पदर घेतला असणार,
मला उठवायला नको म्हणून.
मला!
मग गुंडू, हाकेला ओ दिल्यासारखा.

कन्ना चौकात छातीचा पट्टा घेतला, निळा.
"कितीला पडला?" तिनं बोटांनी विचारलं.
बोटांनीच सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

सूप उचलून मी दाराबाहेर, वाऱ्याला ठेवलं.
मग तिच्यासमोर बसलो, गुडघे दुखत असताना.
"रात्री जास्त, की पहाटे?"
"कुणाला?"
"पाणी प्यायल्यावर? झोपेतून उठून?"

"मला कुठं काय," म्हणाली असावी.
ओठ तसे हलले.
मी डावा कान पुढं केला.