पंच्याऐंशी मीटर

यादोरावची सबमर्सिबल जळाली,
एक फेज गेला, दोन शाबूत.
शाबूत तार मी भंगारात घातली नाही.
सहा वर्षं ती तीनशे फूट खाली
बोअरच्या अंधारात गुंडाळून बसली होती.
तिला उलगडताना दुकानभर वास आला,
ओल्या दगडाचा, थोडा वार्निशचा.

वाइंडिंगवाल्याला टेप लागत नाही.
सत्तेचाळीस वाव, वर एक हात:
पंच्याऐंशी मीटर.
आता तिला चार कोपरे हवेत
आणि मधे काहीच नको.

पहिला कोपरा घरामागचा निंब.
दुसरा गोठ्यावर उभा केलेला वेळू.
तिसरा बाभूळ; तिचे काटे
अजून एक अंगठ्यात आहे.
चौथा कोपरा कागदावर मांडला
तर धुऱ्यापलीकडे निघाला,
झिंगराजी राऊताच्या चिंचेत.

मोजणीवाला साखळी घेऊन आला होता त्या साली,
तेव्हापासून आमचं बोलणं नाही.
अकरा वर्षं. धुरा एक हात इकडे की तिकडे,
आता मलाही नीट आठवत नाही.

मी आपल्याच बाजूला उभा राहून
गोफणीत दगड घातला, दगडाला मांजा बांधला.
पहिला फांदीच्या अलीकडे पडला.
दुसरा त्याच्या तुरीत.
तिसरा कुठे गेला, देव जाणे.
चिंचेखालून तो पाहत होता, विडी विझेपर्यंत.
मग आला धुरा ओलांडून,
गोफण माझ्या हातातून काढून घेतली,
एकदाच गरगरवली,
आणि दगड बेचक्यातून आरपार.
"जवारीवरची पाखरं हाकलली हायेत म्या," म्हणाला,
बाभळीकडे पाहत.

संध्याकाळपर्यंत तार वर चढली.
पीव्हीसीच्या तुकड्यांतून ओवलेली,
घराच्या कौलापेक्षा जरा उंच, एवढीच.
तिची दोन टोकं निंबाशी परत येतात,
चार बोटांवर थांबतात, एकमेकांना शिवत नाहीत.
तिथून केबल खाली, खिडकीतून आत.

पोरं जमली. "काका, अमेरिका लागते का?"
नाही रे. गोंदिया लागते. अदिलाबाद. फार तर इंदूर.
"मंग एसटी काय वाईट हाय?"
कसं सांगावं?
सुपातून धान्य वर उडवलं
तर ते सुपाभोवतीच पडतं.
इतक्या खाली बांधलेली तार तसंच करते,
आवाज सरळ डोक्यावर फेकते,
आणि तो शे-सव्वाशे कोसांत
परत जमिनीवर येतो, सगळीकडे सारखा.
मधे डोंगर असला तरी, नाला असला तरी.

साडेसातला सेट लावला.
आधी खरखर. सातपुड्यात कुठे तरी वीज होत असावी.
मग खरखरीच्या आतून, निवांत,
साकोलीच्या टेंभुर्णे मॅडम:
"आवाज एकदम स्वच्छ. शेजारच्या ओट्यावरून बोलताय जणू.
ॲन्टेना कोणता?"
मी सांगितलं, तार मोटारीची आहे.
त्या हसल्या. मग विचारलं, "उंची? आधार कशाचे?"
निंब, म्हणालो. वेळू. बाभूळ.
बटन दाबून धरलं, क्षणभर नुसतीच हवा गेली.
चिंच, म्हणालो. शेजाऱ्यांची.

खिडकीबाहेर विडीचं टोक लाल झालं.

झाडं हलतात, म्हणून तार ताणून बांधत नाहीत.
चिंचेकडच्या दोरीला कप्पी,
कप्पीखाली वाळू भरलेली पाण्याची बाटली,
तिकडे फांदी झुकली की इकडे बाटली चढते.
खुर्चीवरून ती दिसते मला,
त्याच्या झाडावर वारा आहे की नाही ते कळतं.
कोतवाल मात्र भर वाऱ्यातही तारेवरच,
शेपटी दुभंगून,
माझ्या अर्ध्या अन् त्याच्या अर्ध्या तुरीवर नजर ठेवून.

पौषात बाटली तडकली.
वाळू गळून गेली, तार पोटात लोंबली,
सेटवर काटा भलतीकडे.
बॅटरी घेऊन सकाळी अंधारातच गेलो
तर नवी बाटली बांधलेली होती,
तेलाची, दोन लिटरची.
वाळूही नव्हती आत.
चिंचोके होते, गच्च भरलेले.