हळू

बावीस नंबरची चाचणी आज सहाव्यांदा नापास.
पेंग शु-लाँगनी वहीत लाल फुली मारली.
(वहीच. त्यांचा कुठल्याही पडद्यावर विश्वास नाही,
तीस वर्षं पडदेच तपासतायत, म्हणून असेल.)
यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट.
ते ठेवल्याशिवाय शिनचूत कुणी यंत्राला हात लावत नाही:
हिरवंच हवं, न फोडलेलं, तारीख न उलटलेलं.
मी तारीख पाहिली. मार्चपर्यंत आहे.
म्हणजे चूक माझ्याच ड्रायव्हरमध्ये.

बाहेर ऑक्टोबरचा वारा,
खिडकीची काच चौकटीत दात वाजवतेय.
आत काळा पडदा.
बंद असलेला काळा नव्हे. चालू असलेला काळा,
पाठीमागे उजेड असूनही काहीच न सांगणारा.

गोष्ट साधी आहे. चित्र पाठवण्याआधी
केबलच्या या टोकाने त्या टोकाला विचारायचं,
ऐकू येतंय?
नाही.
मग आवाज एक पायरी चढवायचा. आता?
नाही.
चौथ्या पायरीवर आवाज संपतो,
आणि माझा ड्रायव्हर काय करतो?
पुन्हा पहिल्यापासून, त्याच वेगात, तेच वाक्य.
पालथ्या घड्यावर पाणी, सेकंदाला शेकडो घागरी.
मग दमतो, आणि वरती कळवतो:
सगळं ठीक.

फुली तिथेच.

साडेसातला बाबांचा फोन, शिनपूहून.
पर्सिमन वाळत घातलेत, या वाऱ्यासाठीच तर वर्षभर थांबायचं,
सुपांनी गच्ची भरली, सोलायला माणूस नाही.
रविवारी येतेस का?
मी म्हटलं, रविवारचं काही जमेलसं वाटत नाही बाबा, चाचणी अडकलीय, सोमवारी अहवाल द्यायचाय
हो हो, म्हणाले बाबा.
हो काय? मी ओरडून.
हो, ये.
मी घसा फोडून ओरडले. तिघं वळून बघायला लागले.
बाबा होला हो म्हणत राहिले.
केबलचं ते टोक तरी बरं,
ऐकू आलं नाही तर शून्य लिहून ठेवतं.
बाबा शून्य कधी लिहीत नाहीत.

पेंग वहीतून मान वर न करता म्हणाले, हळू.
मला वाटलं त्यांना त्रास होतोय. आवाज उतरवला.
तसं नाही, म्हणाले, आवाज राहू दे.
शब्दांमध्ये जागा सोड.
माझी आई अशीच होती.

मी. रविवारी. येत. नाही.
पलीकडे नुसता वारा. मग:
बरं.
हे ‘बरं’ खरं होतं.
इतकं खरं, की मला नकोसं झालं.

रात्री अकरा ओळी लिहिल्या, त्यातल्या चार नुसत्या टिपा.
आवाज संपला की वेग उतरव.
तरी नाही, तर आणखी उतरव.
आणि वर जाऊन स्वच्छ सांग,
एवढं मोठं चित्र या तारेतून जाणार नाही,
लहान माग.
हे शेवटचं लिहिताना हात अडखळला.
कमीपणा कबूल करायची लाज वाटते,
यंत्राच्या वतीनेसुद्धा.

पावणेबाराला पडदा उजळला.
रंगांच्या आठ पट्ट्या, कडा जराशा ओबडधोबड.
पेंगनी भिंग लावून पाहिलं, वहीत खूण केली,
हिरव्या शाईचं पेन शोधण्यात बराच वेळ घालवला,
आणि पान उलटून म्हणाले,
तेवीस.

तेवीसमध्ये केबल मध्येच उपटतात,
थोडं थांबतात, परत लावतात.
परत लावल्यावर ओळख पटायला हवी.
नापास.

रविवारी सकाळी पहिल्या बसने गेले, न कळवता.
गच्चीचा जिना चढताना वाऱ्याला गोडसर वास.
बाबा सुपांमध्ये ओणवे, पाठ माझ्याकडे.
हाक मारली नाही. उभी राहिले.
वळले, पाहिलं,
हातातली सुरी तशीच.
नाही म्हणाली होतीस ना तू, म्हणाले. ऐकू आलं होतं मला.
हो, मी म्हटलं,
आणि दुसरी सुरी कुठेय ते विचारलं,
सावकाश.