सात बाप आणि एक मालगाडी

कारागांडा सोडून चाळीस किलोमीटर झाले नाहीत
तोवर टॅबलेटने मान टाकली.
चार्जर घरी, ओट्यावर, बाउरसाकच्या डब्याशेजारी;
डबा मात्र आठवणीने घेतलेला.
अल्माटी अजून साडेनऊशे.

"आलं का?"
"नाही."
"आता?"
"आता पण नाही."
"आई, दाउरेन माझ्या बाजूला श्वास सोडतोय."
यावर काय न्याय करायचा?
म्हटलं, त्याने आपल्या खिडकीकडे सोडावा.
तर तो काचेवर वाफ धरून
तिथल्या माशीला मिशा काढायला लागला.
वीस मिनिटं निघाली. देव माशीचं भलं करो.

मग उंट मोजायचा खेळ.
बोतागोझ जिंकते, जिंकणारच,
नावातच तिच्या उंटाच्या पिल्लाचे डोळे.
दाउरेन रडकुंडीला येऊन विजेचे खांबही उंटांत धरतो,
आणि मधे पट्ट्यात अडकलेला मिरास
सगळ्याच आकड्यांना "तीन" म्हणतो.
स्तेपीला याचं काही नाही.
ती आपली पिवळी, आडवी,
घडी घालायला घेऊन कुणीतरी विसरून गेलेली.

सूर्यफुलाच्या बिया संपल्या, सालं सीटच्या फटीत.
कोडी संपली. माझा लांडग्याचा आवाज बसला.
बाल्खाशच्या काठी धुरी दिलेला मासा घेतला
आणि पुढचे साठ किलोमीटर
कोण जास्त वेळ नाक धरून बसतं, एवढंच.

तेव्हा सेरझान बोलला, सकाळपासून पहिल्यांदा:
"सात बाप म्हणा."
आमच्यात पोराला सात पिढ्या तोंडपाठ लागतात,
बापाचा बाप, त्याचा बाप, थेट सातव्यापर्यंत;
म्हातारी माणसं भर लग्नात अडवून विचारतात.

बोतागोझ पाढ्याच्या चालीवर सुटली:
"सेरझान. सेरझानचा कब्देश. कब्देशचा तेमिर.
तेमिरचा..."
मग नुसता टायरांचा आवाज.

तेमिर म्हणजे लोखंड.
उपासमारीच्या वर्षी कुठल्याशा स्टेशनात, रुळांलगत,
कुणाच्या तरी कोटात गुंडाळलेला सापडला.
अनाथालयातल्या बाईने समोर दिसलं ते नाव लिहिलं.
हे मला लग्नाच्या वर्षी कळलं, एकदाच, अंधारात.
मी बियांची रिकामी पिशवी उगाच चाचपली.

"तेमिरचा बाप कोण?" दाउरेनने विचारलंच.
सेरझानने आरशात पाहिलं, मग बाहेर,
जिथे रूळ रस्त्याला बिलगून येतात.
"मालगाडी," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला कळेना. मग जो काही दंगा!
"म्हणजे मी इंजिन!"
"नाही, मी मोठी, मी इंजिन, तू डबा!"
"तीन," मिरास.

आणि योग असा की अर्ध्या तासात समोरून आलीच एक,
कोळशाची, अडुसष्ट डब्यांची
(बोतागोझच्या मते सत्तर).
काचा खाली, धूळ आत, तिघंही ओरडतायत:
"खापरपणजोबाऽऽ!"
ड्रायव्हरने भोंगा दिला.
सगळ्याच पोरांना देतात ते, ठाऊक आहे मला.
तरी सेरझानने गाडी हळू केली,
शेवटचा डबा जाईपर्यंत हळूच ठेवली.

पुढचे बाप त्यांनीच ठरवले.
पाचवा रूळ. सहावा वारा.
सातव्यावरून भांडण, उंट की मासा,
आणि भांडता भांडताच झोपले,
तिघांची डोकी एकावर एक, तोंडं उघडी,
मिरासच्या मुठीत चघळून मऊ झालेला बाउरसाक.

उजेड जायच्या बेतात एक उंट दिसला,
रस्त्यापासून लांब, पाठ करून उभा.
कुणाला उठवलं नाही.
"एक," मी आपली हळूच म्हटलं.

"दोन," सेरझान म्हणाला.
"मागे पिल्लू होतं."