दाणे निवडताना

गिरेसुनच्या कारखान्यात सहाला पट्टा सुरू होतो.
हेझलनट येतात, येतच राहतात,
आम्ही समोरासमोर बसून निवडतो:
किडका डावीकडे, सुरकुतलेला डावीकडे,
टोक जरा वाकडं असेल तर
मुकादम बघत असला तरच डावीकडे.

जेरेन माझ्यासमोर. वय एकोणीस.
डोक्याला जाळी, तोंडाला मास्क,
दिवसभर मला तिचे फक्त डोळे दिसतात
आणि मास्कखालचा तो उंचवटा,
जो तिला वाटतं
अख्ख्या काळ्या समुद्राला दिसतो.

नाक बापाचं.
बाप होडीवर होता, हमसी मासे पकडायचा.
गावात त्याच्या नाकावर विनोद होते
आणि ते सगळ्यांच्या आधी तोच सांगायचा:
धुक्यात आधी माझं नाक धक्क्याला लागतं, मग होडी.
जाऊन चार वर्षं झाली.
घरात त्याचे फोटो दोन,
आणि हे.

जेवणाच्या सुट्टीत ती अंगठा फिरवते.
चेहरे वर सरकतात, सरकत जातात.
मी शेजारून बघते: एकच मुलगी की काय ही,
कपडे बदलून बदलून येणारी?
तेच ओठ, तीच हनुवटी,
नाक जणू पेन्सिलीला टोक काढून बसवलेलं.
अंगठा थांबतो, पुढे जातो, थांबतो.
हा हात माझ्या ओळखीचा आहे.
फक्त इथे डावीकडे कोण पडतंय
ते ती सांगत नाही.

एकदा तिने स्वतःचा फोटो टाकला,
बाजूने, समुद्राकडे बघतानाचा.
अकरा जणींनी बदाम दिले.
एका अनोळखी माणसाने लिहिलं,
सावली कुठवर पडते गं?
बदाम तिने मोजलेही नसतील.
ते एक वाक्य किती वेळा वाचलं
ते मला तिच्या बोटांवरून कळलं.
त्या दिवशी चांगले दाणे
डावीकडे जात होते.

माझ्या वेळी असं नव्हतं, असं म्हणणार होते.
उगाच खोटं कशाला बोला.
मला बघायला आलेल्या बाईने हमामात
माझे दात न्याहाळले, कंबर चाचपली,
आमचा चहा प्यायली
आणि नाक मुरडून गेली ती गेलीच.
पण ती एकच बाई होती,
आणि संध्याकाळी आपल्या घरी गेली.
जेरेनची रोज तिच्या उशाशी झोपते.

सामसुनच्या दवाखान्यात मंगळवारची वेळ घेतलीय.
आगाऊ पैसे भरलेत, दोन हंगामांचे.
त्यांनी एक चित्र पाठवलंय, नंतरच्या जेरेनचं.
टेबलाखालून दाखवलं तिने मला.
गोड मुलगी. नाकीडोळी नीटस.
मी विचारलं, कोण गं ही?
विनोद करायचा नव्हता मला, देवाशपथ.

आज जाळी चढवता चढवता सहज बोलली:
रात्री तीनला जाग आली, बाबा स्वप्नात होते.
डोळे सुजलेले, केस तोंडावर,
अंधारात फोन उचलला
तर त्याने लगेच ओळखलं मला. उघडला.
मग बहिणीच्या फोनवर ते चित्र मोठं केलं
आणि माझ्या फोनसमोर धरलं.
नाही उघडला.
जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं धरलं.
पासवर्ड टाका म्हणाला.

मग?

तेवढ्यात पट्टा सुरू झाला.
ती काहीतरी म्हणाली, मास्कमध्येच राहिलं ते.
मुकादमाची पाठ होती.
तिने एक वाकडा दाणा उचलला,
मास्क हनुवटीखाली ओढला,
आणि सावकाश चावून खाल्ला.
तेवढा वेळ तिचं तोंड उघडं होतं,
ट्यूबलाइटच्या उजेडात, पूर्ण.

आज सोमवार आहे.