काय खाते ती?

पुण्याहून फोन येतो दर रविवारी.
शेवरीचं पिल्लू नेलेले बाणेरचे साहेब विचारतात,
कच्चं किती द्यायचं? हाडासकट, की सोडवून?
काळीज शेकडा दहा, की पाचच?
त्यांच्याकडे वजनकाटा आहे,
फ्रिजचा एक कप्पा फक्त त्यासाठी,
डब्यांवर वार लिहिलेले.

अप्पा फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकतात.
मग म्हणतात, भाकर.
ज्वारीची, शिळी, दुधात कुस्करून.
उन्हाळ्यात ताक.
हिची माय बी एवढ्यावरच वाढली.

मी उंबऱ्यावर बसून ऐकतो.
खोटं नाही ते.
पुरतं खरंही नाही.

आमच्या घरात अंडं येत नाही.
गळ्यात लिंग, कपाळाला भस्म,
आणि अंगणात ही पश्मी कुत्री,
कानांना रेशमाची झालर,
कंबर मुठीत मावेल एवढी.
गल्लीत म्हणतात,
मन्मथअप्पाच्या घरी भांडी जंगमाची अन् दात लांडग्याचे.
अप्पा हसतात. त्यांना ते आवडतं, असा मला संशय आहे.

माघात करडी काढायला आली होती.
काट्यांमुळे दस्तगीरने पायाला पोत्याचे तुकडे बांधले होते,
आणि त्याच्या विळ्यापुढून ससा उठला.
अप्पांच्या हातात साखळी राहिली,
साखळीला गळपट्टा, गळपट्ट्यात कोणी नाही.

काळ्या रानाला पडलेल्या भेगा
ती पायांनी मोजत नव्हती,
वरून जात होती.
बांधाजवळ ससा वळला, तीही वळली,
आणि वळताना जे काय झालं ते मला दिसलं नाही.
ऐकू आलं.
ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं.
एकदाच ओरडतो.

तिने तो आणून अप्पांच्या चपलांपुढे ठेवला
आणि वर बघत उभी राहिली.
शेपूट हलत नव्हती.
दस्तगीर म्हणाला, अप्पा, मला तरी द्या,
नाहीतर पुरा, फॉरेस्टवाल्यानं बघितलं तर नसतं लचांड.
अप्पा म्हणाले, तिचा हाय तो.
शिव शिव म्हणून लिंबाकडे तोंड केलं
आणि पाठमोरे उभे राहिले,
हातात रिकामी साखळी,
जसं कुणी बाई न्हात असताना
बाहेर राखणीला उभं राहावं.

मी मात्र बघितलं.
आधी पोट. मग काळीज.
शेकडा किती ते कोणी मोजलं नाही.
हाडं मोडण्याचा आवाज
वाळलेल्या तुराट्यांसारखा.
राहिला एक कान, मागचा एक पाय,
आणि वाऱ्याने करडीच्या काट्यांना लागलेली लव.
तेवढ्यावर दस्तगीरने पायाने माती सारली.

मग अप्पांनी विहिरीवर नेऊन तिचं तोंड धुतलं.
सोमवारी कांदासुद्धा न शिवणारी बोटं
तिच्या सुळ्यांमागे घातली
आणि अडकलेला केसांचा पुंजका काढला.
घरी येऊन आंघोळ केली. पूजा केली.
संध्याकाळी भाकर कुस्करली.
तिने तीही खाल्ली,
तितक्याच भुकेने, वाटी चाटूनपुसून.

महिन्याभराने तिच्या शेपटीखाली
तांदळाचे दाणे चिकटल्यासारखं दिसलं.
दाणे हलत होते.
चाकूरच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं,
काय खायलीय ही? कच्चं बिच्चं काही?
अप्पा म्हणाले, भाकर.
मी भिंतीवरच्या देवणी गायीचं कॅलेंडर वाचत राहिलो.
डॉक्टरने दोनदा बघितलं आमच्याकडे
आणि गोळ्या मात्र बरोबर दिल्या.

आज पुन्हा रविवार.
साहेब म्हणतात, अप्पा, तिच्या रक्तात जे आहे ना,
तेच मला तिच्या ताटात द्यायचंय.
अप्पा बराच वेळ काही बोलत नाहीत.
अंगणात शेवरी पाय पसरून पडलीय,
दोन माश्या तिच्या नाकावर.

साहेब, पोर पळते का?

पळते की. सोसायटीच्या बागेत. सकाळ-संध्याकाळ. पट्टा लावून.

मग भाकर पुरे, अप्पा म्हणतात.