कोरडी बाजू

बेत असा होता : तीन दिवस, तीन चढाया.
जावळीतला तो सुळका, ज्याच्यासाठी मुनीरनं
वर्षभर लोंबकळून घरातल्या चौकटी झिजवल्या,
मग कमळगड, मग जमलंच तर वासोटा.
रेवाक्कानं वहीत रकाने आखले होते :
नाव. उंची. किती वेळ. कोण पुढं.

वाईत कृष्णेच्या पुलावर वायपर तुटला.
ऑक्टोबरची अखेर, आणि पाऊस असा
की निघून गेलेल्याला काहीतरी आठवावं
आणि तो चपला न काढताच परत घरात यावा.
कुडाळच्या पुढं रस्त्यावर दरड,
दरडीजवळ जेसीबी, जेसीबीत एक माणूस
शांतपणे पेरू खात.
"सुळका? हाय की," तो म्हणाला,
"दिसत न्हाई, एवढंच."

मग काचा पुसत आम्ही नकाशा काढला
आणि बोट उजवीकडं सरकवलं :
कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी.
"माणात चला," मी म्हणाले, "तिथं पाऊस पडत नाही."
किती सहज बोलले.
जसं कुणाच्या अंगणाबद्दल म्हणावं,
तिथं कुणी नसतं, खुशाल लावा गाडी.

कोरेगावपर्यंत तो मागं होता,
वर्धनगडाच्या घाटात बरोबरीला आला,
पुसेगावात आम्ही चहाला थांबलो
तेव्हा न थांबता पुढं गेला.
महिमानगडाच्या पायथ्याला पोचलो
तर हा आधीच येऊन बसलेला,
आणि गड नाही.

शाळेच्या व्हरांड्यात ओला दोर पसरला,
साठ मीटर, नारिंगी,
या खांबापासून त्या खांबापर्यंत सहा हेलपाटे.
अर्ध्या तासात त्याच्यावर एक धोतर,
दोन गणवेश, कुणाची तरी घोंगडी.
आम्ही काही बोललो नाही.

तुळसाबाई कोळेकर आल्या
खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन.
"दोर तुमचा का? मग चला जरा.
हिरीत टप्प्यावर मोटार हाय, पाणी चढाय लागलंय.
लेक गलाईच्या दुकानात, तिकडं सेलमला.
फोनवर म्हणतो, मोटार काढ.
फोनवरनं काय, कुणी बी काढंल."

कडुनिंबाला दोर. आठाची गाठ,
तिच्यावर मनाच्या समाधानासाठी आणखी एक.
तीन कप्प्या. मुनीर उतरला
सुगरणींच्या रिकाम्या घरट्यांमधून,
दगडाच्या फटीतल्या पिंपळाला चुकवत,
चहाच्या रंगाच्या पाण्याकडं.
"इथं पकडी भारी आहेत!" खालून ओरडला.
मग पान्हा निसटला, डुबुक.
शिवी विहिरीत गोल फिरली,
मोठी होऊन वर आली.
तुळसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या :
"आमचं मालक बी हितंच द्यायचं शिव्या."

ओढायला नऊ माणसं, एक गुरुजी, आम्ही दोघी.
मोटार वर आली पाणी गाळत,
रेडकासारखी, जड, काळी,
आणि चिखलात आडवी झाली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
कुणीतरी म्हणालं, "चला, च्या घ्या."

रात्री हुलग्याचं माडगं, पितळीत, वाफाळतं.
"त्या तुमच्या सुळक्यावर," तुळसाबाईंनी विचारलं,
"वर काय असतंय?"
आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं.
"वारा," मुनीर म्हणाला.
"हं," म्हणत त्यांनी त्याच्या पितळीत
आणखी एक पळी ओतली,
लांबून दमून आलेल्याला वाढावं तशी.

रेवाक्का कंदिलाशी वही घेऊन बसली.
नाव : खोडलं, पुन्हा लिहिलं, खोडलं.
उंची : वजा बत्तीस फूट.
कोण पुढं : पाणी.

पहाटे म्हणे आभाळ उघडलं होतं,
गड बुरुजासकट, धुतलेला,
हात लावावा इतका जवळ.
गुरुजींनी दोनदा हाका मारल्या.
आम्ही झोपलो होतो.

आठाला दोर सोडायला निंबाखाली गेले
तर त्याच्या मोकळ्या टोकाला
कुणीतरी शेळी बांधून गेलं होतं.
गाठ त्यांची होती, साधी, एका हिसक्यात सुटणारी.
मी सोडली नाही.
तिचा पाला संपेपर्यंत उभी राहिले.